गुरुवारी एक बटण दाबायला

गुरुवार, २१ ऑगस्ट. संत तुकाराम नगर, पिंपरी.

सोनवणे, जेवणाच्या टेबलावर तीन कोटेशनं पसरून बसले आहे. हार्डवेअरवाल्या नाईकने उद्या सकाळपर्यंत नक्की करा म्हटलंय. गणपती तोंडावर आहेत, नंतर त्याची माणसं मिळणार नाहीत. आपल्या ऑफिससाठी सर्व्हर कोणता आणि प्रिंटर कोणता, एवढंच ठरवायचं आहे. हे काम आपण दोघांनी भांडत भांडत दोन वर्षं लांबवलं आणि आता ते मला एकटीला एका दुपारात उरकायचं आहे. तेव्हा आधीच सांगते, माझं डोकं ठिकाणावर नाही.

ते तुमच्या दहाव्यापासूनच नाही. इंद्रायणीच्या घाटावर माइक लावला होता. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. तुमच्या ऑफिसात ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही अशा माणसांनी तुम्हाला कर्मयोगी केलं. एक जण म्हणाले, काम करता करता गेले, असं मरण भाग्यवंतालाच येतं. बायकांच्या बाजूला बसले होते म्हणून, नाहीतर उठून तो माइक काढून घेतला असता. सुट्टीचा दिवस, वीज नाही म्हणून लिफ्ट बंद, आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस एक बटण दाबायला तिसऱ्या मजल्यावर निघतो आणि जिन्यात पडतो. ह्यात भाग्य कुठे आलं? सुशीलावहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. घरच्यांना कोणी कर्मयोगी लागत नसतो. संध्याकाळी घरी येणारा माणूस लागतो.

ते बटण. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात. सकाळी गेलेली वीज चार-पाचपर्यंत येते. आणि कोपऱ्यातला तो जुना कॉम्प्युटर, ज्याला आपण कौतुकाने सर्व्हर म्हणायचो, कारण आपण ज्यांचे पगार करतो त्या सगळ्या वर्कशॉपच्या हजेऱ्या आणि हिशेब त्याच्या पोटात होते, तो वीज आली तरी स्वतःहून सुरू व्हायचा नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी टाकून थांबायचा आणि एफ-वन दाबा म्हणायचा. दाबलं की कुठल्या तरी जुन्या वर्षाची तारीख दाखवायचा. ती हाताने बदलली नाही, तर शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टची सगळी हजेरी त्या जुन्या वर्षात जाऊन पडायची. म्हणून दर गुरुवारी तुम्ही कुरुळीहून गाडी काढायचात.

मी किती वेळा म्हटलं, नवीन घेऊ. तुमचं उत्तर ठरलेलं. “मॅडम, मी हाय की. एक बटन दाबायला आसा किती येळ लागतोय?”

नवीन म्हणजे काय ते तुम्ही एकदा करून दाखवलंत, तेही विसरले नाही. कुठल्याशा आयटी कंपनीने मोडीत काढलेला सर्व्हर तुम्ही भंगारवाल्याकडून उचलून आणलात. पाट्यासारखा चपटा, दोन माणसांनी उचलावा एवढा जड. चालू केला आणि खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. समोरच्या टेबलावरच्या प्राजक्ताने कानात कापूस घातला. एका मालकाने फोनवर मला विचारलं, मॅडम, वर्कशॉप टाकलं की काय तुम्ही पण? त्याला थंड ठेवायला एसी लागेल हे नाईकने सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, एसी तर मला पन लागतो, मी मागतो का? आठवड्याच्या आत ती गिरणी परत गेली आणि कोपऱ्यातलं म्हातारं पुन्हा आपल्या जागी बसलं.

प्रिंटरवरून तर आपण ह्याहून वाईट भांडलो. आपल्या कामात कागद सुटत नाही. मालकाला सगळं मोबाइलवर चालतं, पण कामगाराला पगाराची स्लिप हातात लागते. खोली भाड्याने घ्यायला, गाडीच्या कर्जाला, पोराच्या शाळेला. आपला प्रिंटर एक पान सरळ ओढायचा आणि दुसरं तिरकं. त्याची काळी पावडर तुम्ही खिडकीत वर्तमानपत्र पसरून स्वतः भरायचात आणि मग दिवसभर चहाच्या कपांवर तुमची बोटं उमटलेली दिसायची. मी सांगत होते, काळा-पांढरा लेझर घेऊ, शाई नको. खिशात घामाने भिजलेल्या स्लिपवर आकडे उरत नाहीत. आणि असा घेऊ की छापण्याआधी प्रत्येकाने आपला नंबर दाबायचा, म्हणजे कोणाची किती पानं गेली ते मशीनच सांगेल. कारण कागद कुठे जात होता ते मला कळत नव्हतं. रीम आणावी आणि महिना सरायच्या आत संपावी.

ह्यावर तुम्ही आवाज चढवलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “पोरींनी किती पानं काढली ह्याचा हिशेब ठेवायचा? मग मुतारीत कितींदा गेल्या तेबी लिवा.” प्राजक्ता आणि रेश्मा हसल्या. मी हसले नाही. मला खरंच समजेना की कागदाच्या हिशेबाने एवढं काय लागलं तुम्हाला. हिशेब ठेवणं हेच तर आपलं पोट होतं.

तुम्ही गेल्यावर पहिले दिवस माझा राग त्या जुन्या मशीनवर होता. तेरावं झालं आणि मी नाईकला बोलावलं. म्हटलं, हे किती दिवस काढेल ते बघा आणि नव्याचे भाव द्या. त्याने बाजूचा पत्रा काढला, ब्रशने धूळ झटकली, आणि आतून नखाने एक चपटा सेल उचकटून टेबलावर ठेवला. नाण्याएवढा. आपल्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात असतो तसा.

“मॅडम, बस इतकंच आहे. वीज नसताना तारीख ह्याच्यावर टिकते. सेल डेड.”

त्याने बॅगेतून नवा सेल काढून बसवला. तारीख एकदा भरली. मग सगळं बंद केलं, भिंतीवरचं बटणही, आणि पुन्हा चालू केलं. मशीन कुठेही न थांबता सुरू झालं आणि आजची तारीख दाखवू लागलं.

एवढ्याशा सेलपायी? मी नाईकला धारेवर धरलं की इतकी वर्षं येताय, एकदाही बघता आलं नाही का. तो बिचारा गांगरला. म्हणाला, दोनदा सांगितलं होतं, फुकट टाकून देतो म्हटलं होतं. “सोनवणेसाहेबच म्हणाले, राहू दे रे. मॅडमला बोलू नको.”

घरी येताना नाशिक फाट्यापर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात बोलत आले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. प्रत्यक्ष भेटला असतात तर लिहिण्याची वेळ आली नसती.

मग ह्या सोमवारी गणेश आला. तुम्हाला जिन्यातून उचलून खाली आणणारा, टेम्पोत घालून दवाखान्यात नेणारा गणेश. परभणीकडचा, तुमच्याच कुरुळीत खोली करून राहतो. त्या दिवशी तो म्हणाला होता की रस्त्याने चाललो होतो, आवाज ऐकला. मीही ते धरून चालले. सुट्टीच्या दिवशी बंद इमारतीच्या जिन्यातला आवाज रस्त्यावर कसा ऐकू येईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. त्या दिवशी कशाचाच आला नाही.

तो ऑफिसच्या दारात चप्पल काढून उभा राहिला. “मॅडम, सर तर गेले. गुरुवारचं आता कोन बघनार?”

“गुरुवारचं काय?”

त्याने प्राजक्ताकडे बघितलं. प्राजक्ताने कीबोर्डकडे बघितलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. रेश्मालाही असणार. ऑफिसात ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

मग त्याने सांगितलं. गुरुवारी सगळ्यांना सुट्टी, म्हणून वीज यायच्या सुमाराला लोक जिन्यात जमायचे. कोणाचं आधारवर एक नाव आणि पीएफला दुसरं. कोणाची जुन्या कंपनीतली रक्कम अडकलेली. कोणाचा नवरा अपघातात गेला आणि पेन्शनचा फॉर्म भरता येत नाही. तुम्ही एकेकाला बसवून भरून द्यायचात, छापून द्यायचात, पुढे कुठे जायचं ते समजावायचात. पैसे घ्यायचा नाहीत. चाकणमधले एजंट ह्याच कामाला मिळणाऱ्या रकमेतला वाटा मागतात, म्हणून लोक तुमच्याकडे यायचे. त्या दिवशीही चौघे-पाच जण वर, तिसऱ्या मजल्यावर, दाराशी बसून होते. तुम्ही येताना त्यांनी जिन्यात तुमचा खोकला ऐकला, आणि मग पडल्याचा आवाज.

तर असं होतं सगळं. सेल बदलू द्यायचा नव्हता, कारण बटण दाबायचं निमित्त गेलं असतं. नवा सर्व्हर नको होता, कारण तो आपला आपण बंद होऊन आपला आपण सुरू झाला असता. पानं मोजणारा प्रिंटर तर नकोच होता. दोन वर्षं मी भाव, वॉरंटी, डिस्कची क्षमता ह्यावर तुमच्याशी वाद घालत बसले, आणि तुम्ही भलत्याच गोष्टीवर वाद घालत होतात. माझ्याशी निदान त्याच विषयावर तरी भांडायचं होतं, सोनवणे.

का सांगितलं नाहीत ते मला ठाऊक आहे. ऑफिस काढल्यावर पहिल्याच वर्षी असा एक कामगार आला होता आणि मी नाही म्हटलं होतं. आजही माझं म्हणणं तेच आहे. आपल्याला पैसे मालक देतात. ज्या कामगाराचा फॉर्म आपण भरणार, त्याची रक्कम अडवणारा मालक आपलंच गिऱ्हाईक निघू शकतो. मग आपण कोणाचे? तुम्ही म्हणालात, आपन कागदाचे, कागद खरा आसला की झालं. मी म्हटलं, हे बोलायला ठीक आहे. तुम्ही गप्प बसलात. मला वाटलं पटलं. तुम्ही गप्प बसलात की पटलेलं नसतं, हे जुन्या कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या मांडत एकत्र काढलेल्या वर्षांनी मला शिकवायला हवं होतं. पण तुम्ही ते इतकं साळसूदपणे करायचात की माणूस फसावा.

आणि फुकट करण्याला माझा विरोध होता, तोही तसाच आहे. फुकटचं काम चोरून करावं लागतं. चोरून करायचं म्हणजे एकट्याने, सुट्टीच्या दिवशी, अंधाऱ्या जिन्यातून. छातीत दुखत होतं म्हणे तुमच्या. सुशीलावहिनी सांगत होत्या की दोन दिवस आधीपासून ॲसिडिटी आहे म्हणून थंड दूध पीत होतात. त्या म्हणाल्या, आज नका जाऊ. तुम्ही म्हणालात, मॅडमचं मशीन सुरू करायचंय. माझं नाव पुढे केलंत! हे मला सहन होत नाही. त्या बाईंना वाटतं की नवरा माझ्या मशीनपायी गेला. तोंडाने त्या कधी बोलणार नाहीत, आणि मी खरं सांगायला जावं तर ती तुमची चुगली होते.

पाच मिनिटं बोलला असतात तर सुटणारी गोष्ट होती ही. सेकंड शिफ्टवाल्यांची सकाळ मोकळी असते. फर्स्ट शिफ्टवाले चारला सुटतात. आठवड्यातून एक दिवस ऑफिस उशिरापर्यंत उघडं ठेवलं असतं, मी किंवा प्राजक्ता बसलो असतो, लिफ्ट चालू, दिवे चालू, चहा आणि खाली माणसं. मी आधी नाही म्हटलं असतं, हे खरं. मग आपण आठ दिवस भांडलो असतो, आणि नवव्या दिवशी मी वेळापत्रक करून आणलं असतं. तुम्हाला माझा तेवढा तरी अंदाज हवा होता.

रागात सगळंच एका बाजूचं दिसतं, म्हणून दुसरं एक लिहिते. आपली कंपनी बंद झाली त्या सकाळी गेटला कुलूप होतं. सगळे घोषणा देत होते. माझी पर्स आणि डबा आत टेबलावर. मी काही मागितलं नव्हतं. तुम्ही मागच्या बाजूने वॉचमनला गाठलंत आणि पर्स, डबा आणि माझा स्टेपलर घेऊन आलात. स्टेपलर कशाला आणलात विचारलं, तर म्हणालात, आता आपल्याला लागंल. ‘आपल्याला’ म्हणालात. ऑफिस काढायचं तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. पुढे जागा बघितली, भागीदारीचे कागद केले, ते नंतरचं. माझ्या लेखी ऑफिस त्या गेटवर सुरू झालं. ह्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मला मॅडम म्हणायचात, मी तुम्हाला सोनवणे म्हणायचे, आणि त्या हाकांमध्ये आभार बसत नव्हते.

असो. कोटेशनं.

पहिलं मोठ्या सर्व्हरचं. नाईकला तेच विकायचं आहे. चालू असतानाच डिस्क बदलता येते, वगैरे. चार टेबलांच्या ऑफिसला ते म्हणजे चौघांच्या घराला लग्नाचं पातेलं. दुसरं, स्वतःचं मशीनच नको, सगळं दुसरीकडे इंटरनेटवर ठेवा आणि महिन्याला भाडं भरा. पण आपल्या रस्त्यावर कोणी ना कोणी खोदतच असतं, आणि वायर तुटली की पगाराच्या दिवशी आपण हात चोळत बसणार. तिसरं लहान आहे: दोन डिस्कची एक पेटी, प्रत्येक गोष्ट दोन्हींवर एकदम लिहिली जाते, एक मेली तरी दुसरी चालते. सोबत यूपीएस. मी नाईकला एकच प्रश्न विचारला होता. गुरुवारी वीज जाणार, तास-दोन तासांत यूपीएस संपणार, संध्याकाळी वीज येणार. ह्यात कोणाला यावं लागेल? तो म्हणाला, कोणालाच नाही. यूपीएस संपत आलं की पेटी स्वतः व्यवस्थित बंद होते, वीज आली की स्वतः उठते. तिच्यातल्या सगळ्याची एक प्रतही दर रात्री इंटरनेटवरून बाहेर जाऊन राहते. आणि पासवर्ड एकाच डोक्यात राहणार नाही. तुमच्या डोक्यात राहिलेले शोधून काढायला प्राजक्ताला आणि मला आठवडा लागला.

प्रिंटर लेझर, काळा-पांढरा, पानं मोजणारा. इथे मी हटणार नाही. आता तर मुळीच नाही.

अवघड आहे ते वेगळंच. गणेशला मी सोमवारी उत्तर दिलं नाही. कागद ठेवून जा म्हटलं. ते आत्ता पाहिले. त्याची मागच्या वर्कशॉपमधली पीएफची रक्कम अडकली आहे, कारण त्याने काम सोडल्याची तारीख मालकाने भरू दिलेली नाही. ते वर्कशॉप आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तारीख भरायचं काम आपल्याच ऑफिसचं, पण मालकाने सांगितल्याशिवाय आपण भरत नाही. म्हणजे गणेशचा फॉर्म भरायचा तर आधी मालकाला फोन करायचा, आणि त्याने काम काढून घेतलं तर नव्या पेटीचे हप्ते आणि दोन पोरींचे पगार कुठून, हे मला बघायचं. मी म्हणत होते तेच हे. माझा मुद्दा बरोबर निघाला आणि तो ऐकवायला समोर कोणी नाही.

शुक्रवार.

सकाळी आधी नाईकला फोन केला. लहान पेटी, यूपीएस, लेझर. त्याने मोठ्या सर्व्हरचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. मी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

मग मालकाला फोन लावला. गणेशचं नाव सांगितलं आणि सोडल्याची तारीख मागितली. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही पगार माझे करता की त्याचे? मी म्हटलं, “तारीख तुमच्याकडे आहे. सांगा, मी लिहून घेते.” त्यांनी तारीख सांगितली. पुढच्या महिन्याचं बघू म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचा अर्थ मला कळतो. पुढच्या महिन्यात बघू.

गणेशची सेकंड शिफ्ट होती, नऊला आला. प्राजक्ताने तारीख चढवली, मी त्याला समोर बसवून त्याचा अर्ज भरला. प्रिंटरने पहिलं पान तिरकं ओढलं, दुसरं सरळ आलं. शुक्रवारी सकाळी आणि मंगळवारी सातपर्यंत इथे कोणी ना कोणी असेल, बाकीच्यांनाही सांग, असं त्याला म्हटलं. गुरुवारी कोणी यायचं नाही, हेही.

जाताना त्याने किती द्यायचे विचारलं, आणि विचारता विचारताच पाकीट परत खिशात ठेवू लागला, तुम्ही लावलेली सवय. मी रक्कम सांगितली. फार नाही, एजंटांच्या जवळपासही नाही. त्याने जरा नवलाने दिली. तुम्ही घेतली नसतीत, सोनवणे. मी घेतली आणि पावती फाडून दिली. तिच्यावर ऑफिसचा शिक्का आहे आणि खाली आपली दोघांची नावं. नवीन पावतीपुस्तकं मी अजून छापायला दिलेली नाहीत.